ट्रकचं डिझेल इंजिन कशाने टिकतं आणि कशाने जातं

चाळीस टनांची गाडी ओढणारं आजचं इंजिन साधारण १३ लिटरचं असतं, एका ओळीत सहा सिलिंडर. सिलिंडरचा व्यास १३१ मिलिमीटर धरा. पूर्ण लोडवर आतला दाब २०० बारपर्यंत जातो, काही इंजिनांत त्याच्याही वर. हिशेब केला तर एका फायरिंगला, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल एकदा पेटलं की, एका पिस्टनच्या माथ्यावर सुमारे २७ टनांचा जोर येतो. १२०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांना, प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला १० फायरिंग होतात. ताशी ८० किलोमीटरने १६ लाख किलोमीटर चालायला २०,००० तास लागतात आणि तेवढ्या वेळात प्रत्येक पिस्टन ७२ कोटी वेळा मार खातो. दर वेळी जोर पूर्ण नसतो हे खरं. तरीही लोखंडाने एवढं सोसावं, हेच थक्क करणारं आहे.

चांगली इंजिनं खरोखर तिथवर जातात, मोठं काम न निघता. मग त्याच कारखान्यातून त्याच वर्षी निघालेलं दुसरं इंजिन चार लाख किलोमीटरमध्येच का बंद पडतं? माझं म्हणणं सरळ आहे: अवजड ट्रकचं इंजिन कामाने क्वचितच मरतं. त्याला मारतात धूळ, पाणी, चुकीचं तापमान आणि खराब झालेलं ऑइल. असं का होतं ते कळायला आधी हे इंजिन ताकद कुठून काढतं ते पाहावं लागेल.

ताकद येते कुठून

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन आतली हवा दाबून सोळाव्या-अठराव्या हिश्शात आणतो आणि त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. डिझेल त्याच्या निम्म्या तापमानालाही आपोआप पेटतं. त्यामुळे अशा हवेत ते फवारलं की ठिणगीची गरजच उरत नाही. दुसरा फरक हवेच्या वाटेचा. पेट्रोल इंजिनात ताकद कमी करायची तर हवेची वाट अडवावी लागते. डिझेलमध्ये हवा मोकळी येऊ देतात आणि फक्त इंधनाचं माप बदलतात. जास्त कॉम्प्रेशन आणि हवेला अडथळा नाही, या दोन कारणांनी डिझेलच्या प्रत्येक थेंबातून जास्त काम निघतं.

रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ सालच्या इंजिनाने ऑग्सबर्गमधल्या चाचणीत इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावून दाखवली. त्या काळातली नेहमीची वाफेची इंजिनं १० टक्क्यांच्या आसपास घुटमळत होती. आजचं चांगलं ट्रक इंजिन ४३ ते ४६ टक्क्यांवर आहे आणि चीनच्या वायचाय कंपनीने २०२० मध्ये ५० टक्क्यांच्या वर गेलेलं इंजिन जाहीर केलं. उरलेली ऊर्जा सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जाते. ती नीट बाहेर गेली नाही तर काय होतं, ते पुढे येईलच.

ताकदीबद्दल बोलताना टॉर्क आणि पॉवर यांची फार सरमिसळ होते. टॉर्क म्हणजे क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवणारा जोर. पॉवर म्हणजे त्या जोराने एका सेकंदात किती काम उरकलं. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणायचं आणि ९५४९ ने भागायचं, की किलोवॅट मिळतात. २५०० न्यूटन-मीटरचं इंजिन १००० आरपीएमला साधारण २६२ किलोवॅट, म्हणजे ३५५ अश्वशक्ती देतं. एवढ्या कमी फेऱ्यांत एवढी ताकद, हेच ट्रकच्या इंजिनाचं खरं वैशिष्ट्य.

आता ही ताकद लागते किती? सपाट रस्त्यावर ताशी ८० ने जाणाऱ्या चाळीस टनी गाडीला शंभर-सव्वाशे अश्वशक्तीत भागतं. चढ लागला की चित्र पार बदलतं. ५ टक्क्यांच्या चढावर ताशी ५० ने चढायचं तर नुसतं वजन वर उचलायला २७२ किलोवॅट लागतात. टायरांचं घर्षण आणि गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतची गळती धरली की आकडा सव्वाचारशे अश्वशक्तीच्या घरात जातो. चालक म्हणतो "गाडी घाटात दम टाकते", तेव्हा तो याच हिशेबाबद्दल बोलत असतो. इंजिनात ४०० असतील तर गाडी ५० ऐवजी ४५ ने चढेल, एवढाच त्याचा अर्थ. त्यात इंजिन खराब असल्याची खूण नाही. तीच गाडी त्याच लोडने तोच चढ मागच्या वर्षी ४५ ने चढत होती आणि आज ३५ ने चढते आहे, तर मात्र कुठेतरी हवा, डिझेल किंवा कॉम्प्रेशन कमी पडतं आहे.

बहुतेक वेळा कमी पडते ती हवा. डिझेल कितीही ओतता येतं. ते जाळायला हवा नसेल तर काळा धूर निघतो आणि ताकद मिळत नाही. म्हणून टर्बो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बाहेर जाणाऱ्या गरम वायूने एक चाक फिरवायचं, त्याच शाफ्टवरच्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून आत घालायची. ट्रकच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तो तरंगतो फक्त ऑइलच्या पातळ थरावर. दाबलेली हवा गरम होते आणि गरम हवा विरळ असते. म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून आत पाठवतात. टर्बो ते इंटरकूलर या वाटेवरचा एक होज फाटला तरी गाडीची पिकअप जाते, ॲव्हरेज घसरतं आणि बाकी इंजिन धडधाकट असूनही लोक पंप-नोझल उघडून बसतात. आधी होज बघावेत.

सावकाश फिरण्याचा फायदा

ट्रकचं इंजिन एवढं टिकतं याचं एक मोठं कारण म्हणजे ते सावकाश फिरतं. १५८ मिलिमीटरचा स्ट्रोक आणि १२०० आरपीएम धरले तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ६.३ मीटर येतो. कारचं पेट्रोल इंजिन ६००० आरपीएमला गेलं की तोच वेग १७ मीटरच्या पुढे असतो. पिस्टन वर-खाली झटकताना कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्यावर, येणारा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. फेरे दुप्पट, तर ताण चौपट. त्यात ट्रकचा ब्लॉक जाड बिडाचा, लायनर (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळ्या) बदलता येणारे, आणि पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलची धार सतत मारलेली, म्हणजे माथा जळत नाही.

बेअरिंगची गोष्ट त्याहून सुंदर आहे. चालू इंजिनात क्रँक आणि बेअरिंग यांचा एकमेकांना स्पर्शच होत नाही. मध्ये काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ऑइलचा थर असतो आणि ते २७ टन शेवटी तोच झेलतो. हा थर शाबूत आहे तोवर बेअरिंग झिजायला कारण नाही. झीज होते ती थर तुटतो तेव्हा: थंड इंजिन सुरू करून लगेच रेस केलं, ऑइल पातळ झालं, त्यात धूळ आली, किंवा ८०० आरपीएमवर वरच्याच गिअरमध्ये पूर्ण लोड ओढायला लावला. सावकाश फिरणं चांगलं, पण त्यालाही तळ आहे. फेरे फार कमी झाले की प्रत्येक फायरिंगचा दाब मोठा राहतो आणि ऑइल पंपाचा व पाण्याच्या पंपाचा पुरवठा मात्र कमी होतो.

कंपन्या टिकाऊपणा मोजताना 'बी-१०' नावाचा आकडा देतात. बी-१० सोळा लाख किलोमीटर याचा अर्थ असा की तेवढ्या अंतरापर्यंत १० टक्के इंजिनांना मोठं काम निघेल आणि ९० टक्के पुढे चालत राहतील. तुमचं इंजिन सोळा लाख चालेल असं वचन त्यात नाही. तुम्ही त्या दहांत असाल की नव्वदांत, हे बऱ्याच अंशी खालच्या गोष्टींवर ठरतं.

मारेकरी

धुळीपासून सुरू करू. पूर्ण लोडवर हे इंजिन मिनिटाला वीस-पंचवीस हजार लिटर हवा ओढतं. फिल्टरनंतरचा एक क्लॅम्प ढिला असला तर त्यातल्या थोड्याशाच हवेतून आत जाणारी वाळूची पूड पिस्टनच्या रिंगा आणि लायनर घासून टाकते. त्याचबरोबर उलटी चूकही होते: फिल्टर सारखा उघडून हवेने झाडणं. जोराच्या हवेने कागद फाटतो, आणि प्रत्येक वेळी घर उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते. थोडा मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा जास्त बारीक गाळतो. म्हणून फिल्टर बदलायचा तो फिल्टरचा इंडिकेटर लाल झाला की, डोळ्यांना काळा दिसला म्हणून नाही.

डिझेलमधलं पाणी हा नव्या इंजिनांचा सर्वांत मोठा शत्रू. या इंजिनांतला कॉमन रेल पंप, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून डिझेल पुरवणारा पंप, डिझेलला १८०० ते २५०० बार दाबाने ढकलतो. इंजेक्टरच्या भोकाचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढा, आणि आतल्या सरकत्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज यावा. या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच, आणि पाणी वंगण देत नाही. जुन्या पंपाच्या इंजिनाने जे डिझेल पचवलं, ते या इंजिनाला पचत नाही. इंजेक्टरची सुई नीट बसली नाही की डिझेल ठिबकतं. ते लायनरवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं, नाहीतर पिस्टनच्या एकाच जागी जळून तिथे भोक पाडतं. वॉटर सेपरेटरचा नळ रोज उघडून पाणी सोडायला दोन मिनिटंही लागत नाहीत. रात्री टाकी रिकामी ठेवू नये हे जुने चालक सांगतात, ते बरोबर आहे: अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी होऊन डिझेलमध्येच उतरतं.

आता लायनरची गोष्ट, कारण ती बहुतेकांना माहीत नसते आणि एकदा कळली की कूलंटकडे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाकडे, बघण्याची दृष्टीच बदलते. मोठ्या इंजिनांत लायनर बहुधा 'वेट' असतो, म्हणजे त्याच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागलेलं असतं. फायरिंगच्या वेळी पिस्टन तिरप्या रॉडमुळे लायनरच्या एका भिंतीवर आदळतो आणि लायनर अगदी सूक्ष्म थरथरतो. भिंत झटक्यात आत जाते तेव्हा बाहेरच्या कूलंटमधला दाब क्षणभर एकदम कमी होतो आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. भिंत परत आली की ते फुटतात, आणि फुटताना धातूवर सुईच्या टोकाएवढ्या जागेत प्रचंड जोर मारतात. हे सेकंदाला कित्येकदा, वर्षानुवर्षं. लायनर काढला की बाहेरून एकाच उभ्या पट्ट्यात खड्डे दिसतात, जणू बारीक छिन्नीने टोचले आहेत. त्यातला एक खड्डा आरपार गेला की कूलंट सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. मग बेअरिंगचा थर तुटायला वेळ लागत नाही. यावर उपाय कूलंटमधल्या रसायनांत आहे. ती लायनरवर एक पातळ कवच धरतात आणि बुडबुड्यांचा मार ते कवच खातं, पुन्हा धरलं जातं. नुसतं पाणी भरलेल्या इंजिनात हे कवच नसतं. म्हणून "पाणी कमी झालं, पाणी टाकलं" ही सवय या इंजिनांत महाग पडते. कूलंटला मुदत असते आणि ती रंगावरून कळत नाही.

उष्णतेचं म्हणाल तर इंजिन तापू देऊ नये हे सगळेच जाणतात. हेड वाकतं, गॅस्केट जातं, तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतलं तर तडाही जातो. पण थंड इंजिनही झिजतं, हे कमी लोकांना पटतं. "गाडी तापते" म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणारे मेकॅनिक मी चिडून बघतो. थर्मोस्टॅट इंजिनाला ८० अंशांच्या वर आणून तिथे धरून ठेवतो. तो काढला की भिंती थंड राहतात, डिझेल पूर्ण जळत नाही, न जळलेला भाग ऑइलमध्ये उतरतो आणि जळणातून तयार झालेलं आम्ल लायनरवर दवासारखं साचतं. तापण्याचं मूळ कारण, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा न लागणारा फॅन क्लच, तसंच राहतं.

तासन्‌तास उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं याच जातीचं नुकसान करतं. तासाला दोन-तीन लिटर डिझेल जातंच. शिवाय आतलं तापमान पडतं आणि काजळी जमते. किलोमीटरचा काटा हलत नाही म्हणून ही झीज कुठे मोजलीही जात नाही.

ऑइल इंजिनाच्या प्रत्येक कोपऱ्यातून फिरून येतं. म्हणून त्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर न उघडता आतली हकिगत कळते. लोह वाढलं तर लायनर-रिंगा झिजत आहेत. तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंग. सिलिकॉन वाढलं तर धूळ येते आहे, आणि सिलिकॉनबरोबर लोहही चढलं असेल तर तिने काम सुरू केलं आहे. सोडियम किंवा पोटॅशियम दिसलं तर कूलंट उतरतं आहे. ऑइल पातळ झालं असेल तर इंजेक्टर ठिबकतो आहे. एका अहवालापेक्षा ओळीने आलेले तीन-चार अहवाल जास्त बोलतात. आकडा किती आहे यापेक्षा तो किती झपाट्याने चढतो ते बघावं. एवढी स्वस्त आणि एवढी उपयोगी तपासणी दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

धूर स्वच्छ करण्याची किंमत

गेल्या तीस वर्षांत ट्रक इंजिनांच्या तक्रारींची जागा बदलली. क्रँक, पिस्टन, लायनर पूर्वीपेक्षा चांगले झाले. बिघाड सरकला तो सायलेन्सरच्या बाजूला. धुरावरच्या युरोपीय नियमांपैकी १९९२ च्या युरो १ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला ८ ग्रॅम होती, युरो ६ मध्ये ती ०.४ ग्रॅमवर आली. अडचण अशी की सिलिंडरमध्ये आग जास्त तापवली तर काजळी कमी होते पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतो. आग थंड ठेवली तर उलट.

यावर दोन वाटा निघाल्या. एकीत जळून गेलेला थोडा वायू थंड करून परत आत घालतात, त्याला ईजीआर म्हणतात. आग मवाळ होते, पण काजळी, आम्ल आणि जादा उष्णता इंजिनाच्याच पदरात पडते, आणि ईजीआर कूलर फुटला तर कूलंट थेट आत येतं. दुसरीत इंजिनाला मनासारखं तापू देतात आणि बाहेर पडलेल्या वायूवर ३२.५ टक्के युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइड मोडतात, ती एससीआर. बरीच इंजिनं दोन्ही वापरतात. अमेरिकेत २०१० च्या नियमांसाठी नेव्हिस्टार कंपनीने एकट्या ईजीआरवर भिस्त ठेवली. मर्यादा गाठता आली नाही आणि २०१२ मध्ये तिने एससीआरकडे वळत असल्याचं जाहीर केलं. माझ्या मते त्यातून एक गोष्ट उघड झाली: घाण इंजिनाच्या बाहेर निस्तरणं इंजिनाच्या आयुष्यासाठी बरं.

उरलेली काजळी डीपीएफ नावाच्या फिल्टरमध्ये अडकते आणि ५५०-६०० अंशांना जाळून काढतात. लांब पल्ल्याच्या, भरलेल्या गाडीत हे बिनबोभाट होतं. थांबत-थांबत, रिकामी फिरणारी गाडी मात्र ते तापमान गाठत नाही, फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो लागल्यावर रीजनरेशन, म्हणजे ही काजळी जाळण्याची क्रिया, मध्येच बंद करत राहिलं तर काही दिवसांत इंजिन स्वतःची ताकद कमी करून घेतं. यात बिघडलेलं काहीच नसतं. गाडी चुकीच्या कामाला लावलेली असते. आणि डीपीएफच्या गाडीत कमी राखेचंच ऑइल घालावं, कारण काजळी जळते, ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही.

उतारावर

ताकदीची गोष्ट चढावर संपत नाही. १९३१ मध्ये क्लेसी कमिन्स आपल्या डिझेल ट्रकमधून अमेरिका ओलांडत असताना कॅलिफोर्नियातल्या कॅहोन खिंडीच्या उतारावर ब्रेक निकामी झाले आणि गाडी थोडक्यात वाचली. पुढे त्यांनीच इंजिनालाच ब्रेक बनवण्याची युक्ती काढली आणि जेकब्ज कंपनीने ती १९६१ मध्ये बाजारात आणली: पिस्टनने हवा दाबली की ऐन वेळी एक्झॉस्ट वाल्व्ह उघडायचा. दाबण्यात खर्च झालेली ताकद परत मिळत नाही आणि गाडी रोखली जाते. साध्या डिझेल इंजिनात हवा मोकळी असल्यामुळे ॲक्सिलरेटर सोडल्यावर रोध फार मिळत नाही, म्हणून ही सोय लागते.

उतारावर इंजिनाला एक धोका मात्र मोठा आहे. इंजिनाचे फेरे आवरणारा गव्हर्नर फार तर डिझेल बंद करू शकतो. चाकांनीच इंजिन फिरवायला घेतलं तर त्याच्या हातात काही राहत नाही. चुकीच्या खालच्या गिअरमध्ये गाडी सुटली आणि २१०० च्या मर्यादेचं इंजिन तीन हजारांवर गेलं, तर वाल्व्ह वेळेत बंद होत नाही आणि पिस्टन त्याच्यावर आदळतो. वीस हजार तास टिकणारं इंजिन असं काही सेकंदांत जातं. लांब उतारासाठी गिअर माथ्यावरच धरायचा, इंजिन ब्रेक तिथूनच चालू ठेवायचा, आणि आरपीएमचा काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे राहील एवढ्याच वेगाने खाली यायचं.